जखमी पाणपक्ष्यांच्या बचावावर विद्यार्थी-माहितीपट करायचा आहे. परवानगी आणि चित्रीकरणाबाबत मार्गदर्शन हवे

मृण्मयी_ठाणे (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात जनसंज्ञापनाच्या तिसऱ्या वर्षात शिकते. ठाणे खाडी आणि नवी मुंबईतील पाणथळ जागा यांच्या परिसरात जखमी होणारे पाणपक्षी आणि त्यांना वाचवणारे स्वयंसेवक, या विषयावर आमच्या चौघांच्या गटाला वार्षिक प्रकल्प म्हणून बारा ते पंधरा मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. काम डिसेंबरमध्ये सुरू करून फेब्रुवारीअखेर सादर करायचे आहे. ऐरोली आणि नेरुळ भागात काम करणाऱ्या एका लहान स्वयंसेवी गटाने आम्हांला सोबत येऊ देण्यास तोंडी संमती दिली आहे. मात्र पक्ष्याच्या जवळ कोणी आणि किती जणांनी यायचे हे आम्हीच ठरवू, असेही त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले आहे.

आमच्याकडे महाविद्यालयाचा एक कॅमेरा, त्याच्यासोबत येणारी साधी लेन्स, दोन मोबाइल आणि कॉलरला लावायचा एक माइक एवढेच साहित्य आहे. फ्लेमिंगो अभयारण्यात चित्रीकरणासाठी परवानगी लागते हे समजले, पण पक्षी अभयारण्याबाहेर, म्हणजे एखाद्या सोसायटीच्या आवारात किंवा पामबीच मार्गालगत सापडला तर काय करायचे, याबद्दल दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली. पक्षी कधी जखमी होईल हे कोणालाच आधी सांगता येत नसल्यामुळे वेळापत्रक कसे आखावे हा दुसरा प्रश्न आहे. पक्ष्याला आमच्या कॅमेऱ्याचाच त्रास होऊ नये म्हणून नेमकी कोणती पथ्ये पाळावीत, हेही जाणकारांकडून ऐकायचे आहे.

सर्वांत अवघड बाब शेवटाची आहे. माहितीपटाचा शेवट बरा झालेला पक्षी आकाशात झेपावतो अशा दृश्याने व्हावा, असा आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांचा आग्रह आहे. तसे दृश्य आम्हांला मिळेलच असे नाही. मिळाले नाही तर दुसऱ्या कोणी टिपलेले उड्डाणाचे दृश्य जोडून द्यावे, असे गटातील एकाचे मत आहे आणि मला ते पटत नाही. आपल्याला काय वाटते?

खाडीकाठ_ऐरोली

मृण्मयी, आधी परवानगीविषयी सांगतो, कारण त्यासाठी लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली अधिसूचित झाले. ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या दरम्यानचे खाडीचे पाणी आणि मुख्यतः पश्चिम काठावरचे कांदळवन मिळून ते सुमारे १,६९० हेक्टरांचे आहे आणि त्याचा कारभार वनविभागाचा कांदळवन कक्ष पाहतो. अभयारण्यातील प्रवेशाची परवानगी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली दिली जाते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या कलमात छायाचित्रणासोबत चित्रपटनिर्मितीचाही स्पष्ट उल्लेख आला असून, अधिवासात कोणताही बदल होता कामा नये आणि वन्यजीवांवर विपरीत परिणाम होता कामा नये, अशी अट त्यातच घातलेली आहे. महाविद्यालयाच्या पत्रासह चौघांची नावे, साहित्याची यादी, संभाव्य तारखा आणि एका पानात माहितीपटाचा आशय असा अर्ज आजच तयार करा. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून पर्यटक म्हणून नौकाफेरीला जाणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या तिकिटाच्या आधारावर प्रकल्पाचे चित्रीकरण उरकू नका.

अभयारण्याबाहेर सार्वजनिक रस्त्यावरून चित्रीकरण करण्यासाठी कलम २८ चा परवाना लागत नाही. सोसायटीच्या आवारात सोसायटीची संमती घ्यावी लागेल, आणि कांदळवनात शिरायचे असेल तर ते अभयारण्याबाहेरचे असले तरी वनविभागाला विचारल्याशिवाय जाऊ नये. मात्र पक्षी कुठेही सापडला तरी तो वन्य पक्षीच असतो आणि त्याला कायद्याचे संरक्षण असते. असा पक्षी ताब्यात आला की ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे कळवण्याचे बंधन कलम ३९ मध्ये आहे. प्रत्यक्षात आम्ही इतका वेळ जाऊच देत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या वनरक्षकाला निघतानाच कळवतो आणि पक्षी घेतल्यावर नोंद करतो. त्यामुळे उद्या सकाळी उजेड चांगला मिळेल म्हणून पक्षी रात्रभर कोणाच्या घरी ठेवून घेणे, ही कल्पना तुमच्या किंवा स्वयंसेवकांच्या मनात येऊ देऊ नका.

आता वेळापत्रकाचे. पक्षी सांगून जखमी होत नसले तरी जखमा हंगामाप्रमाणे बदलतात. तुमच्या तीन महिन्यांत संक्रांत येते, आणि नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातलेली असूनही पंख चिरलेले बगळे, ढोकरी आणि शराटी आमच्याकडे येतातच. पतंग उडवणे दोन दिवसांत थांबते, पण झाडांवर आणि कांदळवनाच्या फांद्यांत अडकलेला मांजा पुढे कित्येक आठवडे पक्षी पकडत राहतो. त्यामुळे जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हेही तुमच्या कामाचे दिवस आहेत. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत येथे असतात आणि एका जागेहून दुसरीकडे जाताना बहुधा रात्री उडतात, म्हणून तारा, फलक आणि प्रखर दिवे यांच्याशी त्यांची गाठ अंधारात पडते. २०२४ च्या सुरुवातीला नेरुळच्या तलावाजवळ आणि जेट्टीच्या रस्त्यावर मेलेले व जखमी रोहित सापडले होते, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरला उतरत्या विमानाची धडक बसून चाळिशीच्या आसपास रोहित मेले. त्या घटनेत वाचवण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते, आणि बचावकार्यावरच्या माहितीपटात ही मर्यादाही यायला हवी. पावसाळ्यात रेन ट्रीवरच्या सारंगागारांतून, म्हणजे बगळ्यांसारख्या पक्ष्यांच्या सामूहिक घरट्यांतून, पिल्ले खाली पडतात, तो मात्र वेगळाच विषय आहे आणि तुमच्या मुदतीत बसणारा नाही.

प्रत्यक्ष बचाव लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी दृश्यमय असतो. फोन येतो, आम्ही फोटो मागवतो, पक्षी उभा आहे का, पंख लोंबतो आहे का, जवळ कुत्री किंवा विजेची तार आहे का, हे विचारतो आणि फोन करणाऱ्याला तो पक्ष्यापासून दूर उभा राहून फक्त लक्ष ठेवील असे पटवतो. यातले निम्मे काम या संभाषणातच होते. ज्याला तो फोन येतो त्याच्या घरी, त्याच्या परवानगीने, एक संपूर्ण संध्याकाळ कॅमेरा घेऊन बसा. फोन आला नाही तरी ती संध्याकाळ वाया जाणार नाही.

पकडण्याच्या वेळी तुमच्यापैकी एकच जण पुढे यावा, तोही पकडणाऱ्याच्या पाठीमागे पंधरा-वीस पावलांवर. घाबरलेला पाणपक्षी पाण्याकडे धाव घेतो, म्हणून आम्ही पाण्याच्या बाजूने येऊन त्याला जमिनीकडे वळवतो. तुम्ही जमिनीच्या बाजूला मोकळ्या जागेत उभे राहिलात तर तो पुन्हा पाण्यात जाईल आणि सगळ्यांचा दिवस फुकट जाईल. अंगावर टॉवेल टाकून डोके झाकले की पक्षी बराच शांत होतो. बगळ्याची चोच थेट डोळ्याचा वेध घेते, त्यामुळे बघ्यांनी आणि कॅमेरावाल्यांनी चेहरा वाकवून जवळ जायचे नाही. पक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीत गेला आणि झाकण बंद झाले की ते दवाखान्यातच उघडायचे. ‘एकदा जरा उघडता का, नीट आले नाही’ ही विनंती आम्ही कोणाचीही ऐकत नाही, वार्ताहरांचीही नाही.

दिवागाव_नाखवा

वरील उत्तर योग्य आहे. त्यात पाण्याचे गणित राहिले आहे, ते आम्हां मासेमारी करणाऱ्यांकडून घ्या.

खाडीत कुठलेही काम घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालते. ज्या दिवशीची तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. दशमीला साडेसातच्या सुमारास. दोन्ही पंधरवड्यांना हाच हिशेब लागतो. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे, खाडीत आत ऐरोली-विटाव्याकडे पाणी त्याहून काहीसे उशिरा पोहोचते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा दोन्ही कमी. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित त्यावर चरायला पसरतात, आणि भरतीने चिखल झाकला की नेरुळ-सीवूड्सच्या तलावांसारख्या उथळ जागी येऊन थांबतात. थवा जवळून आणि रस्त्यावरून दिसावा असे वाटत असेल तर भरतीची वेळ धरा. सकाळी भरती येणारे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा, म्हणजे उजेडही चांगला मिळेल.

चिखलात कोणीही एकट्याने उतरू नये. वरून घट्ट दिसणारा चिखल मांडीपर्यंत आत घेतो आणि पाणी वळले की पाय काढायला वेळ पुरत नाही.

आणखी एक विनंती आहे. जाळ्यात पाणकावळा किंवा बदक अडकल्याचे दृश्य दाखवून कोळ्यांना दोषी ठरवणारे चित्रीकरण आम्ही पुष्कळ पाहिले आहे. अडकलेला पक्षी पहिल्यांदा आम्हांलाच दिसतो आणि बहुतेक वेळा तो आम्हीच सोडवतो, कारण धडपडणारा पक्षी जाळे फाडतो आणि जाळ्याला पैसे पडतात. पक्ष्यांना खरा त्रास होतो तो टाकून दिलेल्या, वाहून आलेल्या जाळ्यांच्या तुकड्यांचा आणि हौशी लोक काठावर सोडून जातात त्या गळाच्या तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचा. दिवा, सारसोळे, वाशीगाव यांपैकी कुठल्याही कोळीवाड्यात या, बसा, विचारा. फक्त येताना एकदम कॅमेरा काढू नका.

पशुवैद्य_कळवा

मी पक्ष्यांवर उपचार करते, त्यामुळे पेटी उघडल्यानंतरच्या भागाविषयी लिहिते.

पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांच्या श्वासाची ये-जा होते, म्हणून प्रेमाने का होईना, छातीभोवती हात आवळला तर पक्षी गुदमरून मरू शकतो. पाणकावळ्याच्या बाह्य नाकपुड्या बंद असतात आणि तो तोंडाने श्वास घेतो; त्याची चोच चिकटपट्टीने बांधणे म्हणजे त्याचा श्वास बंद करणे होय. जखमी पक्ष्याच्या तोंडात पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. या तिन्ही गोष्टी भल्या माणसांच्या हातून नेहमी घडतात. त्या तुमच्या माहितीपटात कोणी करताना दिसल्या तर निवेदनात त्या चुकीच्या आहेत हे त्याच ठिकाणी सांगावे लागेल, नाहीतर प्रेक्षक त्या शिकून घरी जाईल.

फ्लेमिंगोबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. लांब पायांच्या पक्ष्यांना पाठलाग, धडपड आणि चुकीच्या पद्धतीने धरणे यांमुळे स्नायू नष्ट होण्याचा विकार होतो. पकडताना पक्षी ठीक दिसतो, काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला उभेच राहता येत नाही, आणि मग उपचारांना फारसे यश येत नाही. म्हणून फ्लेमिंगो पकडण्याचा प्रयत्न एकदाच आणि थोडक्यात व्हावा लागतो. चांगल्या दृश्यासाठी त्याला दोन मिनिटे जास्त पळवले, तर त्याची किंमत तुमच्या कॅमेऱ्यात दिसणार नाही, ती आमच्या टेबलावर दिसेल. तो गाळणीसारखी चोच वापरून पाण्यातले सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव खातो. त्याच्यासमोर मासे, पाव किंवा भात ठेवण्यात काही अर्थ नाही.

गळ गिळलेल्या पक्ष्याच्या तोंडातून तंगूस बाहेर लोंबत असेल तर तो ओढूही नये आणि मुळाशी कापूही नये, कारण आतला गळ शोधण्यासाठी आम्हांला तोच धागा लागतो. क्ष-किरण छायाचित्रात तो गळ स्पष्ट दिसतो आणि दृश्य म्हणूनही ते प्रभावी असते. दवाखान्याची परवानगी घेऊन ते पडद्यावरून टिपा.

आमच्याकडे येणारे पुष्कळ पक्षी वाचत नाहीत. सांध्याजवळ मोडलेले किंवा कातडी फाडून बाहेर आलेले पंखाचे हाड जुळले तरी पूर्वीसारखे उडता येईल याची हमी नसते, आणि उडता न येणारा बगळा निसर्गात सोडणे म्हणजे त्याला उपाशी मारणेच आहे. उपचार लांबले तर नवे आजार जडतात. पाणपक्षी कोरड्या, टणक जमिनीवर राहिला की छातीच्या हाडावर आणि तळपायांवर फोड येतात. पिसे विस्कटली की त्यांचे जलरोधकत्व जाते, आणि तशा अवस्थेत पाण्यात सोडलेले बदक भिजून गारठते. त्यासाठी जाळीचा तळ, स्वच्छ पाण्याचे टाके आणि पिसे पुन्हा नीट बसेपर्यंतचा वेळ, तिन्ही लागतात. पक्षी सोडण्याची तारीख त्याच्या पिसांवर, वजनावर आणि उडण्यावर ठरते, तुमच्या सादरीकरणाच्या तारखेवर नाही. रातबगळा सोडायचा झाला तर तो संध्याकाळी सोडतात, कारण तो निशाचर आहे. त्या वेळी तुमच्या कॅमेऱ्याला अंधारच मिळेल, आणि तो तसाच चालवून घ्यावा लागेल.

एक सावधगिरी. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले किंवा मान टाकून बसलेले आढळले तर त्यांना हात लावू नका, दूर व्हा आणि वनविभागाबरोबर पशुसंवर्धन विभागालाही कळवा. मान लुळी पडणे हे बॉट्युलिझमचे, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या आजाराचे, ठळक लक्षण आहे. २०१९ मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरावर त्याने हजारो पक्षी मेले. २०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्रात बर्ड फ्लू आला होता, हेही लक्षात असू द्या. चित्रीकरणाच्या पिशवीत हातमोजे आणि मुखपट्ट्या असायलाच हव्यात.

मृण्मयी_ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवानगीचा अर्ज आजच लिहायला घेतला आहे. डॉक्टरांचे उत्तर मी गटाला वाचून दाखवले, आणि उड्डाणाचे उसने दृश्य जोडण्याचा मुद्दा आता कोणी काढत नाही. पण सरांना काय सांगायचे हे अजून सुचलेले नाही. पक्षी जवळून दाखवायचा नाही, पेटी उघडायची नाही, शेवटी तो उडेल याचीही खात्री नाही. मग पंधरा मिनिटे पडद्यावर काय दाखवायचे?

जुना_संकलक

मी अनेक वर्षे माहितीपटांचे संकलन केले आहे आणि काही काळ विद्यार्थ्यांना शिकवलेही आहे, म्हणून या शेवटच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो.

तुमच्या माहितीपटात पक्षी मध्यवर्ती असला तरी पडद्यावर तो फार थोडा वेळ असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरा मिनिटांपैकी दोन मिनिटे पुरेत. उरलेला वेळ त्या पक्ष्याभोवती जमणाऱ्या माणसांचा आहे: फोन करणारी गृहिणी, रिक्षात मांडीवर पेटी धरून बसलेला स्वयंसेवक, जाळे कापायचे की सोडवायचे याचा विचार करणारा कोळी, नोंदवहीत पक्ष्याची जात, वजन आणि ठिकाण लिहिणारी डॉक्टर. बंद पेटीचे दृश्य निरस असते असे समजू नका. ऐरोलीहून दवाखान्यापर्यंतच्या वाहतूक कोंडीत ती पेटी मांडीवर धरून बसलेल्या माणसाचा चेहरा आणि आतून मधूनच येणारी खरवड, एवढ्यावर मी दीड-दोन मिनिटे सहज टिकवून दाखवीन. त्यासाठी तुमच्या कॉलर-माइकचा उपयोग करा. तो माणसाला लावा, पेटीला नको.

तुमच्या साध्या लेन्सने पक्षी लांबून बारीक दिसेल. दिसू द्या. लांबून घेतलेल्या त्या दृश्यात माणूस, चिखल, इमारती आणि मध्ये तो पांढरा ठिपका असे सारे एकत्र येते, आणि पक्षी कुठे सापडला हे सांगायला निवेदन लागत नाही. भाड्याने टेलिफोटो लेन्स मिळाली तर उत्तमच, पण ती घेतली म्हणून प्रत्येक चौकट पक्ष्याच्या डोळ्याने भरू नका. दवाखान्यात ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रीकरण करताना सेकंदाला पंचवीस चौकटी आणि एक-पन्नासांश शटर ठेवा, कारण आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची आहे. नाहीतर दृश्य लुकलुकते. कॅमेऱ्याचा बीप आवाज आणि फोकससाठी लागणारा छोटा दिवा दोन्ही आधीच बंद करा. स्वतःचा दिवा लावायचाच नाही.

ज्यांचे चित्रीकरण कराल त्यांची लेखी संमती घ्या, आणि नोंदवहीच्या दृश्यात लोकांचे दूरध्वनी क्रमांक वाचता येत नाहीत ना, ते संकलनाच्या वेळी नव्हे, तिथल्या तिथे पाहा. घरटी किंवा विणीची जागा ओळखू येईल अशी खूण ठेवू नका. बातम्यांतील दृश्ये वापरायची तर संबंधित वाहिनीची परवानगी लागते. विद्यार्थ्यांचा प्रकल्प आहे या सबबीवर ती फुकट उचलू नयेत.

राहिला सरांचा शेवट. त्यांना सांगा की तुम्ही दोन-तीन पक्ष्यांचा मागोवा घेत आहात आणि त्या प्रत्येकाचे जे होईल ते, तारखेसह, तसेच दाखवणार आहात. एक मेला, एक उपचारांत आहे, एक सोडला. जे घडेल ते. एका पक्ष्याचा बचाव आणि दुसऱ्याच पक्ष्याचे उड्डाण एकापुढे एक लावले की प्रेक्षक ते एकाच पक्ष्याचे समजतो. संकलनाच्या टेबलावर हे करायला दहा सेकंद लागतात आणि कोणालाही कळत नाही, म्हणूनच ते करायचे नाही. डॉक्टरबाईंनी वर जे लिहिले आहे ते सरांना कॅमेऱ्यासमोर ऐकवण्याची व्यवस्था करा. माझ्या अनुभवात प्राध्यापक मंडळी विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकत नाहीत, पण मुलाखतीचे कच्चे चित्रीकरण पाहिले की त्यांचा आग्रह मवाळ होतो.

माझी एक सूचना खाडीकाठ यांना कदाचित आवडणार नाही. पक्षी पकडण्याची रीत सविस्तर दाखवावी, असे मला वाटते. प्रेक्षक सोसायटीत राहणारे आहेत. उद्या त्यांच्या गच्चीवर बगळा पडला तर त्यांना ती उपयोगी पडेल.

खाडीकाठ_ऐरोली

खरोखरच आवडली नाही, आणि कारण सांगतो. पकडण्याची रीत पाहून माणसे पकडायला जातात. त्यांतली काही जखमी नसलेले पक्षीही पकडतात: चिखलात एका पायावर शांत उभा असलेला रोहित त्यांना लंगडा वाटतो, आणि उडायला नुकते शिकणारे रातबगळ्याचे पिल्लू आजारी वाटते. अशा ‘वाचवलेल्या’ पक्ष्यांचे पुढे काय करायचे हा आम्हांला नेहमीचा प्रश्न आहे. त्यामुळे सर्वसामान्य प्रेक्षकासाठी तीनच गोष्टी दाखवा. कुत्री-मांजरे आणि गर्दी दूर ठेवणे, लांबून एक फोटो काढणे आणि १९२६ ला किंवा स्थानिक स्वयंसेवकांना कळवणे. पक्षी रस्त्याच्या मधोमध असेल आणि थांबायला वेळच नसेल, तेवढ्या प्रसंगापुरते टॉवेल टाकून पेटीत ठेवणे सांगायला माझी हरकत नाही.

जुना_संकलक

जखमी नसलेल्या पक्ष्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो वजनदार आहे. तरीही टॉवेल आणि पेटी हा भाग पूर्ण गाळू नये, याच मताचा मी आहे. कारण फोन लागेपर्यंत आणि कोणी येईपर्यंत तास-दोन तास जातात, आणि तेवढ्यात लोक आपल्या कल्पनेने काहीतरी करतातच. ती कृती जिवंत पक्ष्यावर पुन्हा करून न घेता कापडाच्या बाहुल्यावर दाखवता येईल. मृण्मयी, हा निर्णय तुमचा गट आणि तुमच्यासोबतचे स्वयंसेवक यांनी मिळून घ्यावा.

सीवूड्स_रहिवासी

ड्रोनविषयी कोणीच लिहिलेले नाही. तलावावरचा संपूर्ण थवा वरून फार सुंदर दिसतो आणि आमच्या इमारतीत एकाकडे लहान ड्रोन आहे. विद्यार्थ्यांना हवा असल्यास विचारू शकतो.

खाडीकाठ_ऐरोली

कृपया विचारू नका. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालेला आहे आणि विमानतळाच्या परिसरात ड्रोनवर २०२१ च्या नियमांनुसार कडक निर्बंध आहेत. कुठे काय चालते हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर दिसते, आणि पोलिसांचे मनाई आदेश त्याखेरीज वेगळे निघत असतात. पण नियमांत बसला तरी मी नकोच म्हणेन. ड्रोन दिसला की विश्रांतीला बसलेला सगळा थवा उठतो, आणि तारांनी वेढलेल्या जागेतून घाबरून उठणारा थवा हीच तर आमच्याकडच्या जखमांची एक सुरुवात आहे. थवा उंचावरून हवा असेल तर तुमच्याच इमारतीच्या गच्चीवरून घेऊ द्या. तेवढी परवानगी सोसायटीकडून मिळवून दिलीत तर या मुलांचे मोठे काम होईल.

सीवूड्स_रहिवासी

हे मान्य आहे. सचिवांशी बोलून रविवारपर्यंत कळवतो.

मृण्मयी_ठाणे

गच्चीची व्यवस्था झाली तर फारच सोयीचे होईल, आभारी आहे. पुढील आठवड्यात आम्ही दिवागावला नाखवाकाकांकडे येऊ, कॅमेऱ्याशिवाय. एक शेवटची शंका आहे: चित्रीकरणाच्या वेळी अभ्यासकांनी ओळखीसाठी पायात कडी घातलेला पक्षी दिसला, तर त्याची दखल आम्ही कशी घ्यावी?

पशुवैद्य_कळवा

कडीवरील अक्षरे आणि अंक कॅमेऱ्यात स्पष्ट येतील असे एक दृश्य घ्या, कडी कोणत्या पायात आहे आणि तिचा रंग कोणता आहे हे लिहून ठेवा आणि ठिकाण व तारखेसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. भारतात पक्ष्यांना कड्या घालण्याचे काम त्यांनी १९२७ पासून केले आहे. पक्षी जिवंत असेल तर कडी काढायची नाही. ज्या पेटीत तो दवाखान्यात येईल तिच्या झाकणावरही तोच क्रमांक लिहून द्या, म्हणजे आमच्या नोंदवहीत तो चुकणार नाही.